डाव्या खांद्यावरचं पांढरं

रेडिओ घेऊन माझ्या दुकानात येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "खूप खरखर करून राहिला हो." मी सांगतो, "खरखरीतलं मला काही कळत नाही, बाप्पा. ते काम दोन दुकानं सोडून. माझ्याकडे फक्त पेटीचं." मग तो माणूस, अंगात ताप घेऊन चुकून शिंप्याकडे आल्यासारखा माझ्याकडे पाहतो. रेडिओच्या लाकडी पेट्या उघडण्यात, जोडण्यात आणि चमकवण्यात माझी पन्नासावर वर्षं गेली, पण आतली एक तार दुसरीला जोडायला सांगाल तर आजही मला जमणार नाही. रेडिओ गातो की रडतो याच्याशी माझं देणंघेणं नव्हतं. तो टेबलावर कसा बसतो, खिडकीतून ऊन आलं की त्याच्या अंगावर उजेड कसा पडतो, एवढंच मी पाहत आलो.

या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "तुमच्या आवडत्या पाच पेट्यांवर लिहा." मी म्हटलं, चारांवर थोडं थोडं लिहितो आणि पाचवीवर जरा जास्त. त्या हो म्हणाल्या. पाचवीवर नेमकं काय लिहिणार हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

पहिली आवड गोल खांद्यांच्या पेटीची. या पेटीला कोपरे नसतात. डावी बाजू वर चढते, वळते, माथा होते आणि पुन्हा वळून उजवी बाजू होऊन खाली उतरते. वर चिकटवलेला असतो तो खऱ्या लाकडाचाच पापुद्रा, कागदापेक्षा थोडा जाड. त्याला व्हिनियर म्हणतात. ओल्या फडक्याने आणि गरम इस्त्रीने तो मऊ करायचा, खाली सरस लावायचा आणि न मोडता वळवायचा. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याहाडांचा डिंक. तो शिजायला लागला की गल्लीतली माणसं नाकाला पदर-रुमाल लावून जातात. आमच्या नागपूरच्या मे महिन्यात हा पापुद्रा खांद्यावरच फुटतो. वर्षभर गुण्यागोविंदाने राहिलेली पेटी अक्षय तृतीयेनंतर माझ्याकडे येते.

दुसरी आवड बेकेलाइटच्या, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकच्या, छोट्या तपकिरी पेटीची. तिच्यात लाकडाचा अंशही नाही. दंतमंजन लावून मऊ फडक्याने घासली की झाली नवी. ती आवडते, कारण तिला माझी गरज पडत नाही.

तिसरी पेटी चार निमुळत्या पायांची, दोन दारांची, आत रेडिओ आणि वर तबकडी. महाल भागातल्या एका काकूंनी अशी पेटी आणली आणि म्हणाल्या, "याचं देवघर करून द्या." मी जरा बिचकलो. त्या म्हणाल्या, "बाळकृष्ण आमचा उंच आहे, मधली फळी खाली घ्या. पण ती स्टेशनांच्या नावांची काच ठेवा, तिच्या मागचा दिवा लागला पाहिजे." मी करून दिलं. आता त्यांच्या घरी संध्याकाळी बाळकृष्णाच्या मागे पिवळा उजेड पडतो आणि त्यात कोलंबो, दिल्ली, लाहोर अशी गावांची नावं दिसतात. लाकडाचा इतका चांगला उपयोग मला सुचला नसता.

चौथी उगवत्या सूर्याच्या जाळीची. आवाज बाहेर यावा म्हणून पेटीच्या तोंडावर कापड ताणलेलं असतं, आणि त्या कापडावर लाकडात कोरलेले सूर्याचे किरण. बारीक करवतीने एक एक किरण कापायचा. शेवटच्या किरणावर हात चुकला की बाकीच्यांची मांडणी पहिल्यापासून. हे कापड मी कामठीच्या एका विणकराकडून विणवून घ्यायचो. तो दर वेळी विचारायचा, "एवढंसं कापड, कोणाच्या अंगाचं आहे गा हे?"

आणि पाचवी पेटी. तिलाही गोल खांदे आहेत, तिच्याही तोंडावर सूर्य आहे. ती आता धरमपेठेत एका निवृत्त वकिलांच्या दिवाणखान्यात आहे. तिच्यावर लिहायचं तर आधी मिस्त्रीजींवर लिहावं लागेल.

मिस्त्रीजींचं नाव नामदेवजी. इतवारीत त्यांचं दोन खणांचं दुकान होतं. पिढ्यान्‌पिढ्या सुतार. मी इंदोऱ्याचा, बाप गिरणीत. आमच्या वस्तीतली पोरं गिरणीत लागायची, रेल्वेत लागायची, शिकलेली नोकरीच्या रांगेत उभी राहायची. रंधा आमच्या हाती कोणी दिलेला नव्हता. मॅट्रिकला आपटी खाऊन मी त्यांच्या दुकानासमोर उभा राहिलो, तेव्हा मिस्त्रीजींनी नाव विचारलं, आडनाव विचारलं नाही. "हात पुढे कर," म्हणाले. माझ्या तळहातावरून त्यांनी अंगठा फिरवला, दोन मिनिटं थांबून पुन्हा फिरवला. "तुझ्या हाताले घाम येत नाही," ते म्हणाले. "पॉलिशच्या कामाचा हाय तू. उद्यापासून ये."

गल्लीत कुजबुज झाली. मिस्त्रीजींनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या देखत मला माठ भरायला लावला आणि त्यातलं पाणी प्यायले. त्या बाबतीत ते आयुष्यात एक शब्द बोलले नाहीत. मीही त्यांचे आभार कधी मानले नाहीत. आज मानतो.

घामाचं कारण सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमचं पॉलिश म्हणजे चपडा लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. कापसाचा गोळा मलमलीत बांधून गादी करायची, तिला पॉलिश पाजायचं आणि लाकडावर गोल गोल, मग आठच्या आकड्यासारखी, मग सरळ फिरवायची. एका पेटीला असे शंभर हात सहज बसतात. स्पिरिट झटकन उडून जातं आणि उडताना लाकूड गार करतं. त्या क्षणी हवेत ओल असली तर ती पॉलिशच्या आत अडकते आणि चमक मरून पांढरं येतं, ताकाचा हात पुसल्यासारखं. म्हणून शेवटचा हात मारला की मिस्त्रीजींचा कायदा लागू व्हायचा. माठ दुकानाबाहेर, ओलं फडकं बाहेर, हात धुतलेला माणूसही काही वेळ बाहेर. सारं नागपूर ज्या मे महिन्याला शिव्या घालतं, त्याची आम्ही वाट पाहायचो. त्या कोरड्या हवेत पॉलिश जसं बसतं तसं वर्षात पुन्हा बसत नाही.

मी बावीस वर्षांचा होतो तेव्हा सीताबर्डीवरचा एक दुकानदार मिस्त्रीजींकडे आला. तो सुटे भाग आणून रेडिओ जोडून विकायचा. त्याच्या हातात एका विलायती रेडिओचं रंगीत चित्र होतं. म्हणाला, "मिस्त्री, अशी एक पेटी करून दाखवा. जमली तर माझ्या दुकानातली प्रत्येक पेटी तुमच्याच हातची."

मिस्त्रीजी दोन महिने त्या एका पेटीत राहिले. आतलं अंग चांद्याच्या सागवानाचं. वरचा पापुद्राही सागवानाचाच, पण चित्रातलं लाकूड अक्रोडाचं होतं, म्हणून त्यांनी पानाचा काथ पाण्यात उकळून त्याला रंग दिला. सूर्याचे अठरा किरण कापले, एक तुटला, मग सतरा सारख्या अंतरावर बसवले. आतल्या कोपऱ्यांना आधाराचे चौकोनी ठोकळे लागतात. ते कोणी पाहत नाही. मिस्त्रीजींनी ते संत्र्याच्या पेट्या फोडून केले. तेव्हा संत्र्याचा बाजार कळमन्याला गेला नव्हता, स्टेशनजवळ होता, आणि मोडक्या पेट्या मागितल्या की मिळायच्या. पेटी उभी राहिली तेव्हा मिस्त्रीजी तिच्यासमोर उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले. मला म्हणाले, "मधुकर, आता बाज-पलंग बंद. आता हेच करू आपण."

ज्या दिवशी पेटी न्यायला माणूस येणार होता त्या दिवशी दुपारी पावणेदोनच्या सुमारास त्यांनी शेवटचा हात मारला. माणूस चार वाजता येणार होता. मिस्त्रीजी मला राखणीला बसवून घरी जेवायला आणि धोतर बदलायला गेले. दुकानात एका गिऱ्हाइकाचा कूलर तयार होऊन पडला होता. तेव्हाचे कूलर आम्हीच करायचो, लाकडी चौकट, तीन बाजूंना वाळ्याची ताटी, मागे पंखा.

दोन वाजता माझी बायको डबा घेऊन आली. लग्नाला तीन आठवडे झाले होते. मी सकाळी डबा विसरलो होतो आणि सुमन इंदोऱ्याहून इतवारीपर्यंत मे महिन्याच्या उन्हात चालत आली होती, कारण नव्या सुनेला रिक्षा कशी थांबवावी हेही विचारायची लाज वाटली. उंबऱ्यावर ती बसली ती बसलीच. चेहरा लालबुंद, डोळे मिटायला लागलेले. मी पाणी पाजलं, तोंडावर मारलं, तरी ती भिंतीला टेकून घसरत होती. मी उठलो, कूलरच्या ताट्यांवर बादली ओतली आणि पंखा सुरू केला.

पंधरा मिनिटांत ती डोळे उघडून माझ्याकडे पाहून हसली. तोपर्यंत मला पेटीची आठवण झाली नव्हती. मान वळवली, तर कूलरचा झोत सुमनच्या डोक्यावरून थेट पेटीच्या डाव्या खांद्यावर. खांदाभर पांढरं आलं होतं. पेटीच्या पुढ्यात स्पिरिटची बाटली राहिली होती, तिने जेवढा वारा अडवला तेवढी जागा मात्र स्वच्छ. पांढऱ्यात बाटलीच्या आकाराची एक काळी सावली.

कूलर बंद केला. फरशी पुसायची गरजच पडली नाही, ती आणि ताट्या आपणच वाळल्या. वाळ्याचा वास सरसाच्या वासात बुडून गेला. सुमन घरी गेली. मिस्त्रीजी नवं धोतर नेसून आले, आणि दारातच थांबले.

"कोणी पाणी आणलं होतं काय आत?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

पांढरं आलेलं काढता येतं. कोरड्या हवेत स्पिरिटचे दोन हलके हात आणि वर एक पॉलिशचा. पण खालचा थर आधी रात्रभर वाळायला हवा, आणि चार वाजता दुकानदार स्वतःच आला. त्याचा रेडिओ तयार होता, त्याला पेटी हवी होती. त्याने खांद्यावरून बोट फिरवलं आणि सोबतच्या माणसाला म्हणाला, "मिस्त्रीचा हात गेला." पेटी घेऊन गेला. पुढचं काम दुसऱ्याला दिलं.

मिस्त्रीजींनी नंतर तीन दिवस तीच लाख, तेच स्पिरिट एका फळीवर मारून पाहिलं. फळी आरशासारखी निघाली. म्हणजे लाख चांगली, स्पिरिट चांगलं. उरला कोण? चौथ्या दिवशी त्यांनी गादी माझ्या हातात दिली. "आजपासून तू मार. त्यानं बरोबर सांगितलं, हात गेला माझा." त्यांनी पुन्हा रेडिओची पेटी केली नाही. दरवाजे केले, बाजा केल्या, पलंग केले. पॉलिश मी करत गेलो. पुढे माझं वेगळं दुकान झालं, नाव झालं. लोक म्हणायचे, "रेडिओचं पॉलिश करावं तं मधुकरनंच." मान खाली घालून मी ते ऐकून घ्यायचो आणि लोक त्याला विनय समजायचे.

का बोललो नाही? आमच्या घरात पायगुण वगैरे मानत नाहीत, धम्मदीक्षा घेतली तेव्हाच माझ्या बापाने ते सोडलं. पण इतवारीच्या गल्लीत मानत होते. नवी सून दुकानात आली आणि मिस्त्रीचा धंदा बसला, एवढं पुरे होतं. शिवाय कोणीतरी म्हणालंच असतं की ज्याचं काम त्याने करावं, दुसऱ्याला ठिय्यावर बसवलं की असंच होतं. दोन्ही कारणं खरी होती. पण तिसरंही एक होतं. गादी माझ्या हातात आली होती आणि मला ती परत द्यायची नव्हती. हे लिहायला मला चौऱ्याहत्तर वर्षांचं व्हावं लागलं.

मिस्त्रीजी म्हातारपणी मुलीकडे, कामठीला राहायला गेले. दर दिवाळीला मी आणि सुमन त्यांना भेटायला जायचो. जाताना बसमध्ये मी तिला सांगायचो, "आज सांगतो." येताना ती काही विचारायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात धरमपेठेतल्या वकीलसाहेबांचा फोन आला. त्यांच्याकडे अकरा जुने रेडिओ आहेत. अकरावा नवा घेतला होता, त्याची जाळी सैल झाली होती. मी गेलो. सरबत समोर आलं, मग त्यांनी कापड बाजूला केलं.

"हा आमचा एकुलता एक विलायती," ते म्हणाले. "अस्सल अक्रोड. जाळी नीट करा, तळ पाहा, पण या डाव्या खांद्याला हात लावायचा नाही. हे पांढरं दिसतं ना? विलायती अक्रोड म्हातारा झाला की असा दुधाळतो. विकणाऱ्याने सांगितलं. अस्सलपणाचा पुरावा आहे हा, मिस्त्री."

पांढऱ्यात बाटलीच्या आकाराची काळी सावली होती. मी जाळीचे किरण मोजले. सतरा. "उद्या येतो," म्हणालो आणि सरबताचा पेला भरलेलाच ठेवून निघालो.

घरी सुमनला सांगितलं. ती भाजी निवडत होती, थांबली नाही.

"पन्नास वर्षं झाली तुमच्या उद्याले," ती म्हणाली. "आता तं पेटी स्वतः चालत आली. आता काहून थांबता?"

"मिस्त्रीजी विचारतील, इतके दिवस काहून नाही सांगितलं. काय सांगू?"

"जे हाय ते सांगा. माझं नाव घ्या. माझा पायगुण काढाले आता कोण बसलं हाय गल्लीत?"

दुसऱ्या दिवशी मी वकीलसाहेबांकडे गेलो, पेटीची मागची फळी उघडली आणि त्यांच्या हातात टॉर्च दिला. डाव्या कोपऱ्यातल्या ठोकळ्यावर काळ्या शाईचा छाप अर्धा कापला गेला होता, तरी वाचता येत होता. "पूर संत्रा."

"साहेब," मी म्हटलं, "विलायतेत नागपूरच्या संत्र्याच्या पेट्या फोडून रेडिओ करत असतील, तर ही विलायती."

त्यांनी टॉर्च जवळ नेऊन छाप पुन्हा वाचला. "आणि ते पांढरं?"

"ते माझं."

मग सगळं सांगितलं, सुमन, बादली, कूलर, 'नाही' म्हणालो ते. सुमन सोडून कोणाला पहिल्यांदाच सांगत होतो आणि सांगताना पुन्हा पुन्हा माझं बोट बाटलीच्या सावलीकडे जात होतं. वकीलसाहेबांनी टॉर्च बंद केला. "मिस्त्री, तुम्ही आता जा," एवढंच म्हणाले. त्यांचा राग मला समजत होता. चारचौघांत मिरवलेला विलायती पाहुणा इतवारीचा निघाला होता.

दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आला. "तो नामदेव मिस्त्री हयात आहे का?"

"आहेत. अठ्ठ्याऐंशीचे आहेत. कामठीला."

"मग मला काय सांगत बसलात? जबाब ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर द्यायचा असतो. उद्या गाडी काढतो. आरोपी क्रमांक दोनलाही सोबत घ्या."

सुमनने नवं लुगडं नेसलं. मी गादी, चपड्याची बाटली आणि स्पिरिट पिशवीत घातलं. का घातलं ते विचारू नका, सुतार लग्नालाही पेन्सिल घेऊन जातो. पेटी मागच्या सीटवर सुमनच्या मांडीला टेकून बसली होती.

मिस्त्रीजींच्या मुलीचं, इंदूताईचं घर दोन खोल्यांचं. शेजारी यंत्रमाग चालतो, त्याची खडखड अखंड. मिस्त्रीजी बाजेवर बसले होते, बाज त्यांच्याच हातची. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना चांगलं दिसतं, पण हात कापतात. आम्ही पेटी त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवली. वकीलसाहेबांनी स्वतःची ओळख करून दिली, ती मिस्त्रीजींनी ऐकली की नाही कोणास ठाऊक. त्यांनी बोट पुढे करून एकेक किरण मोजला.

"सतरा," ते म्हणाले. "हे आपलं हाय गा, मधुकर."

मग हात माथ्यावरून फिरत डाव्या खांद्यापर्यंत आला आणि तिथून त्यांनी तो चटकन मागे घेतला, मांडीवर ठेवला.

मी खाली फरशीवर बसलो आणि बोललो. सुमन मध्ये एकदाच बोलली, "मले चक्कर आली होती, मामाजी. त्याईनं माझ्यासाठी केलं." यंत्रमागाची खडखड चालू होती, म्हणून मला मोठ्याने बोलावं लागलं. लपवलेली गोष्ट मोठ्याने सांगायला लागणं ही चांगलीच शिक्षा आहे.

मिस्त्रीजींनी सगळं ऐकून घेतलं. नंतर सुमनकडे वळले. "डब्यात काय होतं वं त्या दिवशी?"

"झुणका होता. भाकर, कांदा."

"हूं." मग माझ्याकडे पाहिलं. "पोरीले वारा घातला ते बरं केलं. मी असतो तं मीबी घातला असता. पण मी तुले विचारलं होतं. माझ्या तोंडावर तू नाही म्हणून गेला. मी पन्नास वर्षं या हातावर भरवसा नाही केला, मधुकर. पोरीच्या लग्नाची पेटी केली तं पॉलिश दुसऱ्याकडून मारून घेतलं."

  वकीलसाहेब खिडकीबाहेर पाहत होते.

"लाख आणली काय?" मिस्त्रीजींनी विचारलं.

मी पिशवी उघडली. गादी बांधून, स्पिरिटमध्ये जेमतेम ओली करून त्यांच्या हातात दिली. हात कापत होता. पण गादी पेटीला लागली आणि कंप थांबला. सांगूनही कोणाला पटणार नाही, पण मी डोळ्यांनी पाहिलं. हलका हात, गोल, मग आठ, मग सरळ, थांबायचं नाही, उचलायचं नाही. मलमलीखाली पांढरं विरत गेलं आणि मागून काथाच्या रंगाचं सागवान वर आलं, रेघ न् रेघ. वकीलसाहेब उठून जवळ आले. त्यांचा पुरावा त्यांच्या डोळ्यांदेखत पुसला जात होता. "पुसा, पुसा," ते म्हणाले. "खटला निकाली निघाला. पण आतल्या फळीवर नाव घालून द्या तुमचं." आज त्या पेटीत 'नामदेव मिस्त्री, इतवारी, नागपूर' असं पेन्सिलीने वाकडंतिकडं लिहिलेलं आहे, आणि वकीलसाहेब आलेल्या पाहुण्याला आधी मागची फळी उघडून दाखवतात.

पाहुणे घामाघूम झालेले पाहून इंदूताई आतून आल्या. "बाप्पा, किती गरम होऊन राहिलं. थांबा, कूलर लावतो," म्हणत त्यांनी बटणाकडे हात नेला.

"नको," आम्ही चौघं एकदमच म्हणालो. त्या दचकून थांबल्या. मिस्त्रीजी हसले, गादी न उचलता. सुमनने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली, तर तिलाही त्यांनी डोळ्यांनीच दारापाशी जाऊन बसायला सांगितलं. पाऊण तास आम्ही तसेच बसलो. वकीलसाहेबांचा सदरा पाठीला चिकटला होता, पण कोणी उठलं नाही. माझे तळहात तेवढे कोरडे होते.

बाटलीच्या सावलीभोवतीचं पांढरं गेलं आणि सावली कुठे होती ते मलाही दाखवता येईना, तेव्हा मिस्त्रीजींनी गादी खाली ठेवली. खांद्यावर ऊन पडलं होतं. त्यांनी आपला हात उलटसुलट करून पाहिला, पुन्हा कापायला लागला होता. मग सुमनला जवळ बोलावलं.

"तुझा पायगुण चांगला हाय वं," ते म्हणाले. "माझा हात वापस आणून देला तू."

"आम्ही नाही मानत, मामाजी, पायगुण-बियगुण," सुमन म्हणाली.

"नको मानू," मिस्त्रीजी म्हणाले. "मले मानू दे."